डाव्या जांघेतील दोन ठिपके

प्रश्न असा होता: माझ्या धाकट्या बहिणीच्या डाव्या पायातून लसीका वर चढते की नाही? थोडीशी जरी चढत असेल, तर शस्त्रक्रिया करून पाहता येईल आणि ती पुन्हा हातमागावर बसू शकेल. अजिबात चढत नसेल, तर माग उकलायचा. या एवढ्याच प्रश्नासाठी आम्ही दोघी त्या दिवशी नागपुरातल्या एका दवाखान्यात गेलो होतो, आणि त्याचे उत्तर कसे मिळाले हे क्रमाने सांगावे म्हणून मी लिहायला बसले आहे.

आधी लसीका म्हणजे काय ते सांगते. मी नोकरीभर शाळेत विज्ञान शिकवले. व्याख्या दिल्याशिवाय पुढे जाणे मला जमत नाही. रक्त बारीक वाहिन्यांतून फिरताना त्यातले थोडे पाणी आणि थोडी प्रथिने पेशींच्या मधल्या जागेत झिरपतात. हा झिरपलेला द्रव गोळा करून पुन्हा रक्तात नेऊन सोडणारी वेगळी व्यवस्था शरीरात असते. त्या द्रवाला लसीका म्हणतात. तिला हृदयासारखा पंप नाही. तिच्या वाहिन्या स्वतः हळूहळू आकुंचन पावतात, चालताना पोटऱ्या आवळतात आणि सैलावतात, तेवढ्यावर ती वर सरकते. वाहिन्यांतल्या झडपा तिला खाली येऊ देत नाहीत. पायातली लसीका जांघेतल्या ग्रंथींपर्यंत येते, तिथे गाळली जाते आणि पुढे जाते. वाट बंद झाली की द्रव साचतो, पाय सुजतो, आणि काही वर्षांनी कातडी जाड व टणक होते. वर्गात हा भाग मी एका तासिकेत संपवत असे. परीक्षेत त्यावर फारसे विचारत नसत.

माझी बहीण उमरेडला राहते. आमच्या माहेरी हातमाग होता आणि तिच्या सासरीही. मी शिकून नागपूरला आले, नोकरी केली, धरमपेठेत घर केले. ती मागावर राहिली. तिचा माग खड्ड्यावरचा. विणणारी काठावर बसते, पाय खड्ड्यात सोडते आणि पायांखालच्या दोन फळ्या आळीपाळीने दाबते. डावा पाय जड होत गेला तशी डावी फळी उशिरा दबू लागली. कापड उन्हात धरले की वीण कुठे सैल, कुठे घट्ट दिसे. तिने ते कोणाला सांगितले नाही. गिऱ्हाइकाने सांगितले.

आमच्या भागात सुजलेला पाय म्हणजे हत्तीपाय, असे सगळे धरून चालतात. गल्लीत गोळ्या वाटणारी माणसे येतात, त्यामुळे रोगाचे नाव लहान मुलांनाही ठाऊक असते. बहिणीचे रक्तही तपासले होते, आणि त्यात या रोगाचे किडे निघाले नव्हते. त्यावरून शेजारणींनी अनुमान काढले की तपासणी चुकली, आणि बहिणीने अनुमान काढले की पाय आपोआप उतरेल. दोन्ही अनुमाने कशी चूक होती, हे मला पुढे त्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी समजावले. किडे कधीच मरून गेलेले असू शकतात. त्यांनी बिघडवलेल्या वाहिन्या मात्र तशाच राहतात. रक्तात किडे आहेत का हा एक प्रश्न. पायात वाट शिल्लक आहे का हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचे उत्तर मिळत नाही.

दुसऱ्याचे उत्तर मिळवण्याची रीत अशी. किंचित किरणोत्सारी औषध पायाच्या बोटांच्या बेचक्यात, कातडीत टोचतात. त्याचे कण अशा आकाराचे असतात की ते लसीकेबरोबरच जातात. मग कॅमेऱ्याखाली झोपवतात. हा कॅमेरा शरीरावर किरण सोडत नाही. शरीरातून येणारे किरण टिपतो. औषध जिथे जिथे गेले तिथे पडद्यावर उजेड दिसतो. टोचायचे दोन्ही पायांना, कारण तुलनेसाठी एक निरोगी पाय हवा. बहिणीचा उजवा पाय बरा होता.

ती सकाळच्या एसटीने आली. जावईबापू, म्हणजे तिचे यजमान, उमरेडलाच थांबले. मागाची खोली मोकळी झाली तर तिथे पिठाची चक्की बसवायची, असे त्यांनी एका माणसाशी बोलून ठेवले होते, आणि तो माणूस त्याच संध्याकाळी खोली बघायला यायचा होता.

कॅमेऱ्याच्या खोलीत एक तंत्रज्ञ होता, तिशीतला, बोलका. त्याने बहिणीच्या पायांकडे पाहिले.

"मावशी, जोडवे काढा लागतीन."

"काहून?"

"सुई बोटांच्या बेचक्यात टोचा लागते. आन् फोटोत चांदी-लोखंड चालत नाही."

"तुमची मशीन चांदीले भेते का?"

"मशीन नाही भेत. मी भेतो, डॉक्टर मॅडमले."

उजवे जोडवे लगेच निघाले. डाव्याला साबण लावावा लागला. तो खाली बसून स्वतः फेस करत होता. "मागच्या जन्मी घातले होते का, मावशी?"

"लग्नात घातले. मागचाच जन्म समज."

तिने दोन्ही जोडवी रुमालाच्या टोकाला बांधली. दवाखान्याचा झगा तिने परकरावरून घातला. परकर काढायला ती तयार झाली नाही आणि कोणी आग्रहही केला नाही. सुया टोचताना तिने माझा हात धरला नाही. पलंगाची कड धरली. "मिरचीवानी झोंबते," एवढेच म्हणाली. टोचलेल्या जागी कापूस लावून पट्ट्या चिकटवल्या. डाव्या पायाची कातडी ताणलेली असल्याने तिथून थेंब थेंब पाणी येत राहिले.

पहिली चित्रे लगेच काढली. त्यांत पावलांपाशी उजेड होता, वर काही नव्हते. ते अपेक्षितच होते.

"आता चाला," तंत्रज्ञ म्हणाला. "व्हरांड्यात. बसू नका. तुम्ही चालसान तवाच ते वर चढंल."

व्हरांड्यात आल्यावर तिने रुमालाची गाठ सोडली, वाकली, कापूस बाजूला सारला आणि जोडवी पुन्हा बोटांत चढवली. डाव्या बोटात ते अर्धेच गेले.

"आत्ता काढलीस ना?"

"फोटोसाठी काढली. मोकळ्या बोटांनी कुठं फिरू वं, ताई? ते जित्ते आहेत."

माझ्या पायांत जोडवी नसल्याला बरीच वर्षे झाली आहेत.

आम्ही व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिलो. ती पुढे, मी अर्धे पाऊल मागे. भिंतीवर कसलेसे तक्ते लावले होते. ते मी वाचले, पण त्यांत काय लिहिले होते ते आता सांगता येणार नाही. मला भीती वाटत होती का, याचा मी नंतर विचार केला आहे. वाटत नव्हती. हात-पाय बधिर झाले की टोचलेले कळते पण दुखत नाही, तसे काहीसे होते.

"तो चक्कीवाला आज येऊन राहिला म्हणे," ती म्हणाली.

"येऊ दे."

"आला त खड्डा मोजूनच जाईन. यायले घाई झाली आहे." 'यायले' म्हणजे यजमानांना. "दळण दळसान म्हणतात मले. मी म्हटलं, पीठ कोणाच्या अंगावर घालसान? कापड त लागंलच ना."

"चित्र तर निघू दे."

"निघू दे. तू शिकवलंस ना पोरांले हे? मंग सांग, चढते का?"

"पाहिल्याशिवाय सांगता येत नाही."

"मास्तरीण," ती म्हणाली, आणि वळून पुन्हा चालू लागली.

दुसऱ्या चित्रांसाठी आत बोलावल्यावर तंत्रज्ञाने दारातूनच आठवण केली, अंगावरचे सगळे काढा. तिने जोडवी काढली. मी हात पुढे केला. माझ्या पर्सला बाहेरचा कप्पा आहे, तिथे ती नीट राहिली असती. तिने माझ्या हाताकडे पाहिले, मग जोडवी रुमालात बांधून रुमाल परकराच्या नाडीत डाव्या बाजूला खोचला आणि पलंगावर जाऊन झोपली. सौभाग्याची वस्तू विधवेच्या हातात देत नाहीत. आमच्या घरात हे कोणी कोणाला शिकवत नाही, सगळ्यांना येते. मी हात मागे घेतला आणि पर्सची चेन लावली.

तंत्रज्ञाने मला काचेपलीकडून पडदा पाहू दिला. उजवा पाय पाठ्यपुस्तकासारखा होता. पावलापासून एक बारीक उजळ रेघ पोटरीच्या आतल्या बाजूने निघाली होती, गुडघ्याच्या आतून वर गेली होती आणि जांघेत तिचा घोस झाला होता. डावीकडे पाऊल उजळ होते, आणि घोट्याच्या वर उजेड पसरला होता, टीपकागदावर शाई फुटते तसा. तिथे रेघ नव्हती. गुडघ्याशी काळोख, मांडीत काळोख. आणि डाव्या जांघेत, जिथे ग्रंथी असतात अगदी तिथे, दोन ठळक ठिपके एकमेकांना खेटून.

"पोहोचलं, मावशी!" तो आतल्या माइकवर म्हणाला. "अर्धं काम झालं. मॅडम पाहतीन, पण पोहोचलं."

बाहेर आल्यावर तिने पहिल्यांदा यजमानांना फोन लावला. ती फोन नेहमी कानापासून लांब धरते, त्यामुळे दोन्हीकडचे बोलणे ऐकू येते.

"पोहोचलं म्हणते फोटोवाला."

"काय पोहोचलं?"

"औषध. वर. आपरेशन होते आता."

"मंग चक्कीवाल्याले काय सांगू?"

"सांगा का माग हलत नाही."

"अवं, मीच बोलावलं त्याले."

"मंग चहा पाजा आन् पाठवा."

पुढची चित्रे काही तासांनी होती. दवाखान्याच्या आवारात सावलीला बसून आम्ही डबा खाल्ला. तिने दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. शस्त्रक्रियेनंतर किती दिवस पाय वर ठेवावा लागेल, मागावरची साडी तोवर कोणी पुरी करावी, असे ती बोलत होती. मला एक गोष्ट दिसली होती: पोटरीपासून जांघेपर्यंत वाट कुठेच उजळली नव्हती, आणि तरी शेवटचे ठिकाण उजळले होते. औषध पुढे निघून गेल्यावर रेघ पुसट होऊ शकते, हे मी मनाशी मांडले. ते शक्य असते. मला आनंद झाला का, हे आठवत नाही. झाला असता तर आठवला असता.

डॉक्टरीणबाई दुपारी आल्या. त्यांनी पडद्यासमोर उभ्या उभ्या चित्रे पाहिली, मग खुर्ची ओढून बसल्या आणि तंत्रज्ञाला म्हणाल्या, "बाजूने एक काढ."

हे समजण्यासारखे आहे, म्हणून सांगते. समोरून घेतलेल्या चित्रात लांबी-रुंदी कळते, खोली कळत नाही. शरीराच्या आतला ठिपका आणि शरीरावर ठेवलेला ठिपका समोरून सारखेच दिसतात. बाजूने पाहिले की फरक कळतो. बहीण पुन्हा जोडवी काढून पलंगावर झोपली, कॅमेरा कुशीला आला. पडद्यावर तिच्या देहाची पुसट कड दिसत होती, आणि ते दोन ठिपके त्या कडेच्या बाहेर होते.

बाई आत गेल्या. "काकू, कमरेला काही खोचलंय का?"

बहिणीने झग्यातून रुमाल काढून दाखवला. झोपल्यावर नाडीतली गाठ सरकून जांघेपाशी आली होती.

क्रम असा लागला. व्हरांड्यात कापूस सारून जोडवी चढवली, तेव्हा टोचलेल्या जागेतून झिरपलेले औषध त्यांना लागले. औषध पायातून चढले नव्हते. जोडव्यांबरोबर, रुमालात बसून, कमरेपर्यंत आले होते.

तंत्रज्ञाचा चेहरा उतरला. "मावशी, मी सांगतलं होतं ना, काढा म्हणून."

"तू काढा म्हणला," बहीण म्हणाली. "कुठं ठेवा ते नाही म्हणला."

रुमाल झाकणाच्या डब्यात ठेवला गेला. बाईंनी सांगितले की घाबरायचे कारण नाही, औषधाचा प्रभाव आपोआप ओसरतो, जोडवी उद्या मिळतील. मग परकर बदलून, पाय पुसून पुन्हा चित्र काढले. उजव्या जांघेत घोस होता. डावीकडे काहीच नव्हते.

पलंगावरून उतरल्यावर बहीण हसली. मोठ्याने हसली. "म्हणजे पायातलं काहीच नाही गेलं वर. नुसते जोडवेच फिरून आले."

मग तिने आपल्या साडीच्या पदराच्या दशांतून दोन दोरे ओढले, जोडव्यांच्या जागी पायाच्या बोटांत सैल बांधले आणि चालायला निघाली, कारण शेवटच्या चित्रांआधी पुन्हा चालायचे होते. ती खूप चालली. मी मधेच बाकावर बसले. ती बसली नाही. पाऊल टेकवताना ती जोर देत होती, फळी दाबावी तसा.

शेवटच्या चित्रांतही डाव्या बाजूला रेघ नव्हती. टीपकागदावरची शाई मात्र पोटरीवर आणखी पसरली होती.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून सांगितले. डाव्या पायात मुख्य वाट दिसत नाही. द्रव कातडीतच परत पसरतो आहे. शस्त्रक्रियेत लसीकेची वाहिनी शिरेला जोडतात. त्यासाठी चालती वाहिनी लागते, आणि ती या चित्रात नाही. हे कशामुळे झाले ते चित्र सांगत नाही, फक्त काय आहे ते सांगते. पट्टी रोज बांधायची, पाय धुऊन कोरडा ठेवायचा, चीर पडू द्यायची नाही, सांगितलेले व्यायाम करायचे. पाय पूर्वीसारखा होणार नाही. यापेक्षा वाईट होऊ नये एवढे करता येईल.

"खड्ड्यात पाय सोडून दिवसभर बसता येते का?" बहिणीने विचारले.

"दिवसभर नाही."

"अर्धा दिवस?"

"पाय जितका कमी लोंबकळेल तितकं बरं, काकू."

"एखादी साडी? हळूहळू?"

बाईंनी मान हलवली. नाही असे तोंडाने म्हणाल्या नाहीत.

गेटपाशी रिक्षाची वाट पाहताना तिने फोन लावला.

"माग खोला."

"अवं, मी त्याले चहा पाजून पाठवलं ना आत्ता."

"परत बोलवा."

"दुपारी त म्हणलीस पोहोचलं म्हणून."

"ते जोडव्यांचं होतं."

"काय?"

"घरी आल्यावर सांगीन. माग खोला तुम्ही."

मग जावईबापू हळू म्हणाले, "साडी आहे ना त्याच्यावर. पदर राहिला आहे."

"बिनपदराची कापा."

तिने फोन पिशवीत ठेवला. रिक्षा आली. धरमपेठेपर्यंत ती बाहेर दुकानांच्या पाट्या पाहत होती आणि मी रिक्षावाल्याच्या मानेमागची पाटी. मनात काही येईल म्हणून मी वाट पाहिली. घरी आल्यावर कुकर लावला.

त्यानंतर मी उमरेडला जाऊन आले. खड्डा बुजवून वर फरशी घातली आहे. चक्की खोलीच्या मध्यभागी बसवली आहे. बहीण भिंतीपाशी खुर्चीवर बसते, डावा पाय समोरच्या स्टुलावर, गुडघ्यापर्यंत पट्टी. जावईबापू दळतात, ती डब्यांवरच्या खुणा ओळखून कोणाचे पीठ कोणते ते सांगते. आवाजामुळे बोलता येत नव्हते, म्हणून चक्की बंद होईपर्यंत मी शेजारी बसले. पट्टी तिने स्वतः बांधली होती. खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा, कुठेही सैल-घट्ट नाही. पाय थोडा उतरला आहे. तिला विचारले, करमते का? "बाया येतात," ती म्हणाली.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर असे: त्या दिवशीच्या चित्रांत, चूक काढून टाकल्यावर, माझ्या बहिणीच्या डाव्या पायातून लसीका जांघेपर्यंत चढताना दिसली नाही. एका पायाच्या या उत्तरावरून दुसऱ्या कोणाच्या पायाचे उत्तर काढू नये. दुसऱ्याच्या पायात वाट शिल्लक असू शकते, आणि सूज लवकर दाखवली तर करण्यासारखेही जास्त असते.

मी विज्ञान शिकवलेली बाई आहे, डॉक्टर नाही. जे ऐकले आणि पाहिले ते मी समजले तसे लिहिले आहे. समजण्यात चूक झाली असू शकते. म्हणून वाचकांना विनंती आहे: घरात कोणाचा पाय सुजत असेल तर माझ्या लिहिण्यावर विसंबू नका. पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत उचलली जाते का, ते दोन्ही पायांवर पाहा. उचलली जात नसेल तर डॉक्टरांना दाखवा, आणि जात असली तरी सूज असल्यास दाखवा. वर सांगितलेले प्रत्येक विधान त्यांना विचारा, आणि स्वतः तपासून घ्या.